रविवारची पोटदुखी : पळायला कंटाळलेल्या दोन भावंडांचं प्रकरण

थोरला नऊ वर्षांचा, चौथीत. धाकटी सहा वर्षांची, पहिलीत. घर कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत, वडिलांचं शिवाजी उद्यमनगरात छोटं वर्कशॉप. तक्रार एवढीच की थोरल्याच्या पोटात दर रविवारी सकाळी दुखतं आणि सोमवार ते शनिवार अजिबात दुखत नाही. डॉक्टरांनी तपासलं, काही सापडलं नाही. मग वडील माझ्याकडे आले. मी प्राथमिक शाळेत खेळ शिकवतो आणि सकाळी रंकाळा तळ्यावर आमची गाठ पडते. म्हणाले, "सर, पोरगं नुसती नाटकं करायलंय. जरा दम भरा त्याला."

दम भरायच्या आधी मी सगळं विचारून घेतलं. वडिलांची चाळिशीत साखर काठावर आली, तेव्हा त्यांनी चालायला सुरुवात केली. चालण्याचं पळणं झालं, पळण्याची हाफ मॅरेथॉन झाली. साखर उतरली, पोट उतरलं, झोप सुधारली. माणूस बदलला म्हणा ना. आपल्याला जे चाळिशीत कळलं ते पोरांना लहानपणीच मिळावं, असं त्यांना वाटलं तर त्यात वावगं काही नाही. कोल्हापुरात अशी घरं आता पुष्कळ आहेत. विद्यापीठाच्या आवारात, कळंब्याच्या रस्त्यावर, रंकाळ्याभोवती पहाटे बघा. आईबाप पुढं आणि मागं डोळे चोळत पोरं.

या घरातली पद्धत अशी होती. रविवारी पहाटे साडेपाचला उठायचं. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर समोर पिळलेलं म्हशीचं दूध ग्लासभर प्यायचं, ताकदीसाठी. मग रंकाळा टॉवरपासून पळायला सुरुवात. ठरलेल्या अंतरापर्यंत थांबायचं नाही, चालायचं नाही. मोबाईलवर वेळ लावलेली. घरी फ्रिजवर तक्ता, त्यात दोघांची वेळ. वेळ सुधारली की बरोबरची खूण, खुणेला दहा रुपये, आणि पाच खुणा झाल्या की कॉकटेल आईस्क्रीम. आज्जीला हे पहिल्यापासून पटलं नव्हतं. "पाडव्याला म्हशी पळवत्यात तशी पोरं पळवायलायस व्हय रं?" असं ती मुलाला तोंडावर म्हणाली होती. दिवाळीत सजवलेल्या म्हशी गवळी मोटारसायकलमागं कशा पळवतात हे ज्यांनी पाहिलंय, त्यांना आज्जीचं बोलणं किती झोंबलं असेल ते कळेल.

एका रविवारी मी त्यांच्या मागं मागं राहिलो. थोरला सुरुवातीलाच सुसाट सुटला, सगळी मुलं सुटतात तसा. थोड्या वेळात लाल झाला, उजव्या कुशीत हात दाबून वाकला. मागून आवाज आला, "थांबायचं न्हाई! हळू पळ, पण पळ!" तो रडवेला होऊन पळत राहिला. धाकटीचं वेगळंच. ती पाण्यातल्या पक्ष्यांकडं पळाली, परत आली, कठड्यावर चढून चालली, उतरून एका कुत्र्याच्या मागं पळाली, मग बसली. वडील तिला दर खेपेला हाताला धरून रेषेत आणत होते. माझ्या अंदाजानं रेषेत ती जेवढी पळाली त्याहून रेषेबाहेर जास्त पळाली होती. पण रेषेबाहेरचं पळणं तक्त्यात येत नव्हतं.

त्याच आठवड्यात संध्याकाळी त्यांच्या बोळात गेलो. पाच-सहा पोरांचा विषामृताचा खेळ चालला होता. सकाळी "दमलोय" म्हणणारा थोरला दिवेलागणीपर्यंत पळत होता. राज्य आलं की पळ, सुटला की पळ, मध्येच मूठ तोंडाशी नेऊन "टॅम्प्लीज!" करून गुडघ्यावर हात ठेवून दम घे, आणि परत पळ. पोटात काही नाही. वडील गॅलरीतून बघत होते. त्यांना हे पळणं वाटतच नव्हतं, ते म्हणाले, "हे खेळणं झालं. मी स्टॅमिन्याबद्दल बोलतोय."

इथं थोडं थांबून मुलांच्या शरीराबद्दल बोलायला हवं, कारण भांडणाचं मूळ तिथं आहे.

१९९५ साली अमेरिकेतल्या अभ्यासकांनी सहा ते दहा वर्षांची मोजकीच मुलं निवडून त्यांच्या हालचाली दर काही सेकंदांनी टिपल्या. मुलं मोकळी असताना जोराची हालचाल किती वेळ सलग करतात? मधला आकडा निघाला तीन सेकंद. जोराच्या हालचालींपैकी ९५ टक्के पंधरा सेकंदांच्या आतच संपत होत्या. म्हणजे पळ, थांब, पळ, वळ, थांब हीच त्या वयाची चाल. २०१८ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी वयात न आलेली आठ ते बारा वर्षांची मुलं, साधी तरुण माणसं आणि लांब पल्ल्याचे कसलेले खेळाडू यांची तुलना केली. जोरदार मेहनतीनंतर मुलांच्या हृदयाचे ठोके साध्या तरुणांपेक्षा लवकर खाली आले, आणि काही मोजमापांत मुलं त्या कसलेल्या खेळाडूंच्याही पुढं होती. बोळातला थोरला अर्ध्या मिनिटात परत ताजातवाना होतो ते उगीच नव्हे.

पण सलग पळवलं की चित्र उलटतं. आखूड पायांना त्याच वेगासाठी जास्त पावलं टाकावी लागतात, वजनाच्या मानानं जास्त शक्ती खर्च होते, आणि वेग कसा वाटून वापरायचा हे डोक्याला अजून उमगलेलं नसतं. त्यात मुलांना घाम मोठ्यांपेक्षा कमी येतो आणि वजनाच्या मानानं कातडीचं क्षेत्रफळ जास्त असतं, म्हणून एप्रिल-मेच्या उन्हात ती लवकर तापू शकतात. वडिलांसाठी जी सोपी चाल होती ती मुलांसाठी सगळ्यात अवघड होती, आणि मुलांना जी सोपी ती वडिलांना शिस्तभंग वाटत होती.

पोटदुखीचं अर्धं कोडं दूध कट्ट्यावरच सुटलं. पळताना कुशीत चमक निघणं हा प्रकार लहान वयात जास्त दिसतो, आणि पोट भरलेलं असताना तर हमखास. ग्लासभर घट्ट म्हशीचं दूध पोटात डुचमळत असताना पोराला पळायला लावलं तर दुखणारच. म्हणजे पोरगं नाटक करत नव्हतं. निदान सुरुवातीला नव्हतं. पुढं पुढं झालं असं की अंथरुणातच, दूध पिण्याआधीच दुखायला लागलं. हे दुसरं अर्धं, आणि त्याला औषध डॉक्टरांकडं नव्हतं.

वडील सहज मानणारे नव्हते. त्यांनी ओडिशाच्या बुधिया सिंगचं उदाहरण काढलं. २००६ मध्ये चार वर्षांच्या त्या पोरानं पुरी आणि भुवनेश्वरच्या दरम्यान ६५ किलोमीटर पळून दाखवलं, मग आमचं नऊ वर्षांचं का नाही? मी म्हटलं, त्यानंतर काय झालं तेही बघा. डॉक्टरांनी तपासल्यावर तिथल्या सरकारनं त्याच्या लांब पळण्यावर बंदी घातली. उलट आपला बीडचा धावपटू अविनाश साबळे घ्या. लहानपणी शाळा लांब आणि गाडीची सोय नाही, म्हणून चालत-पळत जायचा. स्पर्धेसाठी पळणं सुरू झालं ते सैन्यात गेल्यावर, विशीत. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये (अडथळे ओलांडत पळायची शर्यत) रौप्य, २०२३ मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. नऊ वर्षांचा असताना त्याच्या घरी फ्रिजवर तक्ता असेल असं मला वाटत नाही. यावर वडील हसले, आणि तिथून आमचं बोलणं जरा सुरळीत झालं.

आधी काय काढलं

दूध प्यायचं ते पळून आल्यावर. हे त्याच दिवशी ठरलं.

तक्ता काढायला मात्र वेळ लागला. वडिलांना वाटत होतं, दहा रुपयांमुळे तर पोरगं एवढं तरी पळतंय. त्यांना मी १९७३ चा एक जुना प्रयोग सांगितला. अमेरिकेतल्या बालवाडीत चित्रं काढायची आवड असलेली मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंस तर छान फीत लावलेलं प्रमाणपत्र मिळेल. काहींना न सांगता दिलं, काहींना दिलंच नाही. पुढं मोकळ्या वेळात बघितलं तर प्रमाणपत्राच्या बोलीवर चित्रं काढलेली मुलं इतरांच्या निम्माच वेळ रंगांकडं वळत होती. आवडीच्या गोष्टीची मजुरी ठरली की ती काम होते. थोरल्याचं तर पुढं गेलं होतं, किराणा आणायला सांगितलं तरी तो "पळत जाऊ का चालत? पळत गेलो तर किती?" असं विचारायला लागला होता. आईनं हे सांगितल्यावर तक्ता उतरला.

बक्षीस बंद केल्यावर सगळं लगेच सुरळीत होतं असं कुणी समजू नये. सुरुवातीचे काही रविवार थोरला पळालाच नाही. कठड्यावर बसून राहिला. वडिलांनी त्याला काही बोलायचं नाही एवढीच अट मी घातली होती, आणि ती पाळताना त्यांची जी तगमग झाली ती बघण्यासारखी होती.

मग काय घातलं

रविवार रंकाळ्यावरच ठेवला, पण बोळातली पोरंही सोबत घेतली. दोघा भावंडांचा खेळ रंगत नाही. पकडायला आणि पकडलं जायला माणसं लागतात. जागा बदलून बागेतली घेतली, कारण कठड्यालगत मोठी माणसं पळत असतात आणि रस्त्यावर गाड्या.

खेळ निवडताना एकच कसोटी लावली : बाद झालेलं पोर बसून राहतं का? बहुतेक शाळांतल्या खेळाच्या तासाला हेच होतं. जो हळू तो आधी बाद, आणि बाद झालेला कडेला बसतो. ज्याला पळण्याची सगळ्यात जास्त गरज तोच सगळ्यात कमी पळतो. आपल्या जुन्या खेळांनी हा प्रश्न आधीच सोडवून ठेवलाय याचं मला नेहमी नवल वाटतं. साखळीत पकडलेला गडी साखळीला जोडला जातो, म्हणजे पकडलं गेलं तरी पळायचंच. विषामृतात विष मिळालेला जागेवर उभा, पण कुणीतरी येऊन अमृत देईपर्यंतच; आणि त्याला सोडवायला जाणारा सगळ्यात जोरात पळतो, कारण जीव धोक्यात घालून जायचं असतं. डोंगर-पाण्यात तर सगळं मैदानच धावतं. जिथं बाद होणं टाळता येत नाही तिथं आम्ही बसण्याऐवजी दहा उड्या मारून परत यायचं, असा नियम केला.

धाकटीसाठी कच्चं लिंबू होतंच. तिच्यावर राज्य येणार नाही, पकडली तरी चालेल, पण खेळात ती आहे. लहान भावंडाला खेळात घेण्याची इतकी सोपी युक्ती दुसरी मला माहीत नाही. मात्र तिला मुदत असते. काही आठवड्यांतच धाकटीनं भांडण काढलं : "मी कच्ची न्हाई, मला पण राज्य द्या." मोठ्या पोरांनी दिलं, ती कुणालाच पकडू शकेना, रडायच्या बेतात आली. तेव्हा थोरल्यानंच तोडगा काढला. धाकटीवर राज्य असेल तेव्हा बाकीच्यांनी लंगडी घालत पळायचं. मी हे सुचवलं असतं तर पोरांनी नाकं मुरडली असती. त्यानं सुचवल्यावर सगळ्यांनी मान्य केलं, आणि धाकटीनं पहिल्यांदा ज्याला पकडलं तो तिचा भाऊच होता. मला त्यात थोडी लबाडी दिसली, पण मी बोललो नाही.

सगळ्यात चाललेला खेळ मात्र इथलाच. रंकाळ्याच्या नंदीची गोष्ट कोल्हापुरात सगळ्यांना ठाऊक आहे : तो गव्हाएवढा पुढं सरकतो आणि तांदळाएवढा मागं येतो, आणि ज्या दिवशी तळ्याला पोचेल त्या दिवशी प्रलय. एका पोराला तळं करून पाठमोरं उभं केलं. बाकी सगळे नंदी. तळं पाठमोरं असताना "गहू" ओरडलं की नंदी पुढं पळणार, "तांदूळ" म्हटलं की उलट्या पावली मागं, आणि तळं वळून बघेल तेव्हा सगळे दगड. जो हलला तो मूळ जागी. कुणी तळ्याला हात लावला की "प्रलय!" आणि तळं सगळ्यांच्या मागं पळणार. याच्यात पाच-दहा सेकंदांचं जोरदार पळणं आहे, एकदम थांबणं आहे, तोल आहे, मागं पळणं आहे, आणि शेवटी किंकाळ्या मारत सुटणं आहे. कसरतीच्या तक्त्यात हे सगळं बसवायला मला चार वेगळे प्रकार लिहावे लागले असते.

वडिलांना बाजूला उभं राहायची मनाई केली. एक तर खेळा, नाहीतर घरी थांबा. ते खेळले. पोरांनी त्यांना लगेच राज्य दिलं आणि लंगडीची अट घातली. हाफ मॅरेथॉन पळणारा माणूस लंगडीत अर्ध्या मिनिटात घायाळ झाला. "हे लईच अवघड हाय की हो सर," असं धापा टाकत म्हणाले. त्या दिवसापासून "खेळणं आणि स्टॅमिना वेगळं" हा मुद्दा त्यांनी काढला नाही.

बाकी गोष्टी किरकोळ. महागडे बूट घेतले नाहीत. वाकणारा तळवा आणि पुढं अंगठ्याला जागा असली की पुरे. गवत स्वच्छ असेल तिथं अनवाणी, पण आधी काचा बघून. पाणी मध्ये मध्ये. ऊन चढायच्या आत परत. टाच दुखते अशी तक्रार आली तर दाबून न्यायची नाही, कारण आठ-नऊ वर्षांपासून पुढं टाचेच्या वाढत्या हाडावर ताण येऊन दुखणं सुरू होऊ शकतं. विश्रांती द्यायची, कमी होत नसेल तर डॉक्टर. पावसाळ्यात कोल्हापुरात मैदान म्हणजे चिखल. तेव्हा खेळ इमारतीखालच्या पार्किंगमध्ये गेला. तिथं दोन खांबांमध्ये रुमालपाणी छान होतं, आणि वरच्या मजल्यावरच्या लोकांची बोलणी खावी लागतात.

आईचा एक प्रश्न रास्त होता : खेळून पुरेसा व्यायाम होतो का? जागतिक आरोग्य संघटना पाच ते सतरा वयाला दिवसाला सरासरी साठ मिनिटं मध्यम ते जोरदार हालचाल सांगते, आणि आठवड्यातून तीन दिवस तरी जोराची आणि हाडं-स्नायू मजबूत करणारी. सलग साठ मिनिटं असं कुठंही म्हटलेलं नाही. शाळेत जाताना दहा, मधल्या सुट्टीत पंधरा, संध्याकाळी बोळात पाऊण तास, की झालं. खरी अडचण बोळातल्या पाऊण तासाची आहे. क्लास आणि मोबाईल दोन्ही तोच वेळ मागतात. या घरानं रविवारची सकाळ सोडवली, पण थोरल्याचा संध्याकाळचा गणिताचा क्लास अजून चालूच आहे, आणि माझ्या मते रविवारच्या पळण्यापेक्षा त्या क्लासचा दिवस बदलणं जास्त महत्त्वाचं होतं. तिथं माझं चाललं नाही.

पोटदुखी गेली. कधी गेली ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही. थोरल्याला लांब पळायची आवड मात्र लागली नाही, आणि वडिलांना याची रुखरुख आहे. त्याला फुटबॉल लागला. पेठेत राहून फुटबॉल लागणार नाही तर काय! शाहू स्टेडियमवर पेठांचे सामने असले की तो आदल्या रात्रीपासून जागा. पुढं बारा-तेरा वर्षांचा झाल्यावर त्याला वाटलं तर अंतराचं पळणं शिकता येईल, काही बिघडलेलं नाही, असं मी वडिलांना सांगितलंय. धाकटीनं एकदा स्वतःहून "अख्ख्या रंकाळ्याला फेरी मारूया" म्हणून हट्ट धरला. मारली. पळत, चालत, मध्ये कणीस खात. किती वेळ लागला ते वडिलांनी बघितलं नाही असं ते सांगतात.

धाकटीच्या शाळेचं अजून मिटलेलं नाही. वार्षिक खेळांत पहिलीच्या मुलांची पन्नास मीटर शर्यत होती. मी त्या शाळेत नाही, पण बघायला गेलो होतो. धाकटी शिट्टी वाजल्यावर इकडंतिकडं बघत राहिली, सगळ्यात शेवटी पोचली आणि घरी येऊन रडली. मी विचारलं काय झालं, तर म्हणाली, "सर, तिथं कोण कुणाला पकडतच नव्हतं." तिच्या बाईंना आम्ही स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंगच्या शाळेचं सांगितलं. तिथं २०१२ पासून मुलं रोज पंधरा मिनिटं आहे त्या कपड्यांत बाहेर पळतात. दमली तर चालतात, गप्पा मारतात, नंबर काढत नाहीत. ती पद्धत पुढं अनेक देशांत पसरली. बाईंना कल्पना आवडली. रोजच्या पंधरा मिनिटांना वरून परवानगी लागेल, गणवेश मळल्याच्या तक्रारी येतील, असं त्या म्हणाल्या, आणि ते खरंच आहे. पुढच्या वर्षी पहिली-दुसरीला शर्यतीऐवजी रुमालपाणी आणि साखळी ठेवायचं त्यांनी मुख्याध्यापकांपुढं मांडलंय. पालकांना पहिल्या तीन नंबरांचे फोटो हवे असतात, साखळीत फोटो कुणाचा काढायचा, यावर सध्या अडलंय.